हट्ट्याची विहीर आणि फ्रायबर्गचा मास्तर

२१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहा वाजून काही मिनिटांनी हिंगोली जिल्ह्यात जमीन हादरली. धक्का ४.५ परिमाणाचा होता. दहा-अकरा मिनिटांनी त्याहून लहान असा दुसरा धक्का बसला. परभणी-नांदेडपर्यंत लोक घराबाहेर आले. वसमत तालुक्यातल्या काही गावांना जमिनीतून येणारे आवाज त्याआधीही काही वर्षे ऐकू येत होते, त्यामुळे भीतीला जुनी पार्श्वभूमी होती. त्यानंतर आठवडाभरात मला हट्टा येथून एका शिक्षकांचा फोन आला. सातवीच्या वर्गात एका मुलाने त्यांना विचारले होते, "गुरुजी, आपला काळा दगड ज्वालामुखीतून आला असं पुस्तकात लिहिलंय. मग तो ज्वालामुखी खालीच असंल ना? आता तो जागा झालाय का?"

गुरुजींनी "नाही" असे उत्तर दिले होते. "पण सर," ते मला म्हणाले, "नाही म्हणालो, ते का, हे मला सांगता आलं नाही. मुळात हा दगड ज्वालामुखीतून आला हे तरी कशावरून? आपल्याकडं कुठं ज्वालामुखीचा डोंगर दिसतो?"

प्रश्न साधा नव्हता. या एका प्रश्नावर युरोपातल्या भल्याभल्यांनी चाळीस-पन्नास वर्षे भांडण केले आहे. एप्रिलमध्ये परभणीला काही काम निघाले तेव्हा मी हट्ट्याला गेलो. गुरुजींच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने हळदीच्या रानात नवी विहीर खोदायला घेतली होती. चाळीसेक फूट खाली गेली होती आणि पाणी अजून बेताचेच होते. दगड शिकवायचा तर अशी ओली-कोरडी विहीर म्हणजे भिंतीवर लावलेला तक्ताच.

वरून खाली पाहत गेलो. आधी चार-पाच फूट काळी माती. तिच्याखाली पिवळसर मुरूम, त्यात कांद्याच्या पापुद्र्यांसारखे सुटणारे गोल गोटे. मुरूम हळूहळू घट्ट होत काळ्या पाषाणात मिसळलेला. पाषाण संपला तिथे वीतभर जाडीचा विटेसारखा तांबडा मातकट थर. आणि त्याच्याखाली पुन्हा दगड, पण हा भोके भोके असलेला, भोकांत पांढऱ्या गारगोट्या भरलेल्या. विहीर खोदणारे याला मांजऱ्या म्हणतात.

शेतकरी काका काठावर उभे होते. मी विचारले, "काका, हा दगड कसा झाला असेल?"

"त्यात काय, साहेब. गाळ हाय हा. थरावर थर दिसत्यात की. कवातरी मोठं पाणी आलं असंल, गाळ बसला, वाळला, दगड झाला. ही तांबडी माती बघा, ती पाण्याबिगर कशी येईल?"

गुरुजी थोडे संकोचले. मला मात्र आनंद झाला. आब्राहाम गॉटलोब वर्नरचे म्हणणे मी मराठवाडी बोलीत ऐकत होतो.

लोखंडाच्या भट्टीपासून खाणशाळेपर्यंत

वर्नरचा जन्म २५ सप्टेंबर १७४९ रोजी वेराऊ या गावी झाला. तेव्हा हा जर्मन मुलूख होता, आज ते गाव पोलंडमध्ये आहे. वडील तिथल्या लोखंडाच्या कारखान्याचे व्यवस्थापक होते. घरात खनिजांचे तुकडे पडलेले असत आणि लहानग्या आब्राहामची खेळणी तीच. पंधराव्या वर्षी शाळा सोडून तो वडिलांच्या हाताखाली कामाला लागला. १७६९ मध्ये तो सॅक्सनीतील फ्रायबर्ग येथे खाणविद्या शिकायला गेला. तिथली खाणशाळा चारच वर्षांपूर्वी, १७६५ मध्ये, सुरू झाली होती. पुढे लाइपझिग विद्यापीठात कायदा शिकायला म्हणून त्याने नाव घातले, पण लक्ष दगडांत. पदवी काही घेतली नाही.

पदवीऐवजी त्याने २५व्या वर्षी, १७७४ मध्ये, एक पुस्तक लिहिले. विषय होता खनिजांची बाह्य लक्षणे. प्रयोगशाळा हाताशी नसताना खनिज ओळखायचे कसे? वर्नरने सांगितले: डोळे, बोटे, जीभ, नाक वापरा. रंग पाहा, चकाकी पाहा, फोडल्यावर तुकडा कसा फुटतो ते पाहा, ओरखडा काढा, हातात तोलून वजन जोखा, वास घ्या. आणि जे दिसले त्याला प्रत्येक वेळी तोच शब्द वापरा. 'पिवळट' म्हणजे नेमके काय हे ठरवून घ्या. रंगांच्या नावांची त्याने केलेली ही यादी पुढे इतकी उपयोगी ठरली की एडिंबरोच्या पॅट्रिक साइम या चित्रकाराने ती १८१४ मध्ये रंगांच्या नमुन्यांसह वाढवून छापली, आणि 'बीगल' जहाजावरून जगप्रवास करताना चार्ल्स डार्विनने ती बरोबर नेली होती.

या एका पुस्तकामुळे १७७५ मध्ये फ्रायबर्गच्या खाणशाळेने त्याला शिक्षक म्हणून बोलावले. तिथे तो मरेपर्यंत, म्हणजे ४० वर्षांहून अधिक काळ शिकवत राहिला. लग्न केले नाही. प्रकृती तोळामासा, त्यामुळे प्रवास फारसा नाही. लिहिण्याचा तर त्याला भयंकर कंटाळा. पत्रांना उत्तर देणे त्याच्या स्वभावात नव्हते. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने त्याला परदेशी सदस्य म्हणून निवडले ते पत्रही त्याने उघडले नाही असे सांगतात.

पण वर्गात उभा राहिला की हा माणूस वेगळाच होई. हातातल्या एका खनिजापासून सुरुवात करून तो खाणी, डोंगर, पाण्याचे प्रवाह, बांधकामाचे दगड, माणसांच्या वस्त्या, त्यांच्या भाषा इथपर्यंत पोहोचे. त्याची व्याख्याने छापलेली नव्हती. विद्यार्थ्यांनी उतरवून घेतलेल्या वह्याच हातोहात युरोपभर फिरत. त्याला ऐकण्यासाठी परदेशी माणसे जर्मन शिकून येत. अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट त्याचा विद्यार्थी. लिओपोल्ड फॉन बुख त्याचा विद्यार्थी. खनिजांच्या काठिण्याची जी १ ते १० मापनश्रेणी आपण शाळेत शिकवतो ती देणारा फ्रीडरिश मोह्‌स त्याचा विद्यार्थी, आणि पुढे फ्रायबर्गमध्ये त्याच्याच जागेवर आलेला. कवी नोवालिससुद्धा त्याच्याकडे शिकला. एका लहानशा खाणगावातील शाळा भूविज्ञानाची पंढरी झाली ती या एका मास्तरामुळे. मी स्वतः व्याख्याने देतो तेव्हा समोरची मुले मोजतो आणि हुम्बोल्ट कोण असेल याचा अंदाज बांधतो. अजून सापडलेला नाही.

सगळे दगड समुद्राचे

वर्नरच्या डोक्यात पृथ्वीच्या इतिहासाचे एक चित्र होते. आरंभी सगळी पृथ्वी एका महासागराने झाकलेली होती. त्या पाण्यात सर्व द्रव्ये विरघळलेली वा तरंगत होती. सर्वांत आधी पाण्यातून स्फटिक होऊन बसला ग्रॅनाइट. मग पाणी ओसरत गेले तसतसे एकावर एक इतर खडक बसत गेले: सुभाजा, मग वालुकाश्म, चुनखडक, कोळसा. शेवटी नद्यांचा गाळ. या मताला समुद्रदेव नेपच्यूनच्या नावावरून नेपच्यूनवाद म्हणत.

आज आपण हसतो. पण या कल्पनेने एक फार मोठे काम केले. खडकांना क्रम असतो, खालचा थर आधीचा आणि वरचा नंतरचा, आणि तो क्रम एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात ताडून पाहता येतो, हा विचार वर्नरच्या वर्गातून शेकडो तरुण खाणअधिकाऱ्यांच्या डोक्यात गेला. हे तरुण देशोदेशी गेले आणि थर मोजू लागले.

मग ज्वालामुखी? वर्नरच्या मते ते अलीकडचे आणि किरकोळ प्रकरण. जमिनीखालचे कोळशाचे थर पेट घेतात आणि त्या आगीने जवळचा दगड वितळतो, एवढेच. आणि बेसाल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण, हा ज्वालामुखीचा दगड आहे हे त्याला मुळीच मान्य नव्हते. फ्रान्समधल्या ओव्हेर्न्य भागात निकोला देमारे याने बेसाल्टचे खांब जुन्या ज्वालामुखीच्या लाव्हाशी जोडलेले १७६३ मध्येच पाहिले होते. वर्नर ओव्हेर्न्यला गेला नव्हता.

तो गेला शाइबेनबर्ग या सॅक्सनीतील टेकडीवर. तिथे त्याने १७८७ मध्ये पाहिले की तळाशी वाळू आहे, वाळूवर चिकणमाती, तिच्यावर मऊ मातकट दगड आणि सर्वांत वर बेसाल्टचे उभे खांब. वाळूची चिकणमाती होते, चिकणमातीचा मऊ दगड होतो, मऊ दगडाचा बेसाल्ट होतो. मध्ये कुठे रेघ मारावी तर जागा सापडत नाही! सगळे एकाच पाण्यातून बसले असणार. पुढच्या वर्षी त्याने हे जाहीर केले आणि वाद पेटला. पहिला विरोधक त्याचाच एक जुना विद्यार्थी, योहान फोइग्ट. गटे या महाकवीनेही वादात रस घेतला, आणि त्याचा कल वर्नरकडे होता.

आता आपण हट्ट्याच्या विहिरीकडे परत येऊ. काळी माती, मुरूम, पाषाण यांच्यात रेघ मारता येते का? येत नाही. माती हळूहळू दगड होताना दिसते. पण ती दगड होते आहे की दगडाची माती होते आहे? नुसते पाहून सांगता येत नाही, कारण दोन्ही वेळा चित्र तेच असते. मुरमातला गोटा फोडला तर वरून पापुद्रे सुटतात आणि आत टणक काळा गर निघतो. म्हणजे झीज बाहेरून आत चालली आहे. दगडाची माती होते आहे. शाइबेनबर्गवर वर्नरची मोठी चूक हीच झाली. त्याचे निरीक्षण खरे होते. बेसाल्ट कुजून झालेला मऊ भाग त्याला बेसाल्ट होऊ घातलेली माती वाटला. बाण उलटा वाचला गेला. आणि खालची वाळू-माती? ती जुन्या नदीची. तिच्यावरून नंतर लाव्हा वाहत गेला होता.

विद्यार्थ्यांनी काय केले

वादाचा निकाल तीन वाटांनी लागला. त्यातली एक स्कॉटलंडची. तिथे जेम्स हटन म्हणत होता की ग्रॅनाइट आणि बेसाल्ट हे दोन्ही वितळलेल्या स्थितीतून आले. त्याच्यावर आक्षेप असा की वितळलेला दगड थंड झाला तर काच व्हायला हवी, बेसाल्टमध्ये तर बारीक स्फटिक दिसतात. हटनचा मित्र जेम्स हॉल याला काचेच्या कारखान्यात एक गोष्ट समजली होती: भट्टी हळूहळू थंड झाली तर पारदर्शक काचेऐवजी अपारदर्शक, स्फटिकमय दगड मिळतो. त्याने बेसाल्ट भट्टीत वितळवला. झटकन थंड केला तर काच झाली, सावकाश थंड केला तर पुन्हा दगड झाला. हे प्रयोग त्याने १७९८ मध्ये एडिंबरोच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. गुळाचा पाक आणि खडीसाखर यांचे उदाहरण देऊन हा धडा वर्गात सहज शिकवता येतो.

दुसरी वाट मला अधिक आवडते, कारण ती वर्नरच्या स्वतःच्या विद्यार्थ्यांनी धरली. फ्रान्सचा दोब्युइसों फ्रायबर्गला शिकला होता. सॅक्सनीतील बेसाल्ट पाण्यातूनच बसला असे सांगणारे पुस्तक त्याने १८०३ मध्ये छापले. मग तो ओव्हेर्न्यला गेला. शंकूसारख्या टेकड्या, त्यांच्या मुखातून निघून दरीत उतरलेले काळे प्रवाह, आणि त्या प्रवाहांचा दगड सॅक्सनीतल्या बेसाल्टसारखाच. १८०४ मध्ये त्याने आपले मत बदलल्याचे उघडपणे सांगितले. फॉन बुख इटलीत व्हेसुव्हियस पाहून आला होता आणि १८०२ मध्ये तोही ओव्हेर्न्यला पोहोचला. तिथे त्याला दिसले की ज्वालामुखी थेट ग्रॅनाइटवर उभे आहेत. ग्रॅनाइट तर गुरुजींच्या मते सर्वांत जुना, त्याच्याखाली कोळसा असणे शक्यच नाही. मग ज्वालामुखीला इंधन कुठले? आग ग्रॅनाइटच्याही खालून येत असली पाहिजे. दोघांनीही निष्कर्ष गुरूविरुद्ध काढला, पण पद्धत गुरूचीच वापरली: जागेवर जा, खाली काय आणि वर काय ते पाहा.

काही विद्यार्थी मात्र कुठेच गेले नाहीत. एडिंबरोचा रॉबर्ट जेमसन याने १८०८ मध्ये वर्नरच्या नावाने निसर्गविज्ञानाची संस्था काढली आणि तो तीच मते दीर्घकाळ शिकवत राहिला. सतरा-अठरा वर्षांचा डार्विन त्याच्या व्याख्यानांना इतका कंटाळला की भूविज्ञानाचे पुस्तक आयुष्यात उघडायचे नाही असे त्याने ठरवले. सुदैवाने तो निश्चय टिकला नाही.

वर्नर ३० जून १८१७ रोजी ड्रेस्डेन येथे वारला. त्याचे दफन फ्रायबर्गच्या कॅथेड्रलमध्ये झाले. बेसाल्टचा निकाल तोवर बहुतेक लागला होता. त्याने आपले मत बदलले नाही.

तिसरी वाट आपल्या घरची. नागपूरच्या सीताबर्डीला काळ्या दगडाच्या दोन प्रवाहांमध्ये गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे जीवाश्म असलेला थर आहे. वर्नर तिथे उभा असता तर "पाहा, गाळ!" म्हणून टाळी वाजवली असती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर नागपूरला राहणारे स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या मिशनऱ्यांनी हे जीवाश्म गोळा करून अभ्यासले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या विल्यम ब्लॅनफर्ड यांनी १८६७ मध्ये सबंध प्रदेशाचा विचार करून चित्र स्पष्ट केले: लाव्हा उघड्या जमिनीवर वाहिला, थांबला, मधल्या काळात त्यावर तळी साचली, गोगलगायी राहिल्या, मग पुढचा लाव्हा आला आणि तळे झाकले गेले. थर खरे आहेत. त्यांतले काही पाण्याचे आहेत आणि बहुतेक आगीचे.

विहिरीच्या भिंतीवरचे पुरावे

हे सगळे मी काकांना सांगितले नाही. आम्ही शिडीने खाली उतरलो. मी त्यांना म्हणालो, "तांबड्या थराच्या वरचा दगड बघा आणि खालचा बघा."

वरचा घट्ट, खालचा भोकांचा. काकांनी विचार केला. "खालच्या दगडाला फोड आलेत."

फोडच ते. वितळलेल्या दगडात वायू असतो. पातेल्यातल्या उकळत्या पिठल्यासारखा तो वर चढतो आणि पृष्ठभागाजवळ अडकतो. म्हणून भोके लाव्हाच्या प्रवाहाच्या वरच्या अंगाला दाट असतात. पुढे हजारो वर्षे पाणी झिरपून भोकांत गारगोट्या भरल्या. तांबडा थर म्हणजे एका प्रवाहाची उघडी पडलेली, ऊन-पावसाने कुजलेली पाठ. तिच्यावर दुसरा प्रवाह आला आणि त्याने ती झाकली. त्या दुसऱ्या प्रवाहाचा तळ म्हणजे वरचा घट्ट पाषाण. गाळाने बसलेल्या थरात असा क्रम नसतो. त्यात जड खडे खाली, बारीक वर, आणि भोके नाहीत. काकांनी मान हलवली, पण तांबडी माती पाण्याची हा त्यांचा मुद्दा त्यांनी सोडला नाही. कुजायला पाऊस लागतोच, तेव्हा तो अर्धा मी मान्य केला.

राहिला मुलाचा प्रश्न. संध्याकाळी तो शाळेच्या ओट्यावर आला होता, आणखी सात-आठ जणांना घेऊन. ज्वालामुखी खाली आहे का?

दख्खनचा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहिला. बहुतेक भाग दहा लाख वर्षांच्या आतच बाहेर पडला. हे वय दगडातल्या पोटॅशियमच्या एका किरणोत्सारी प्रकाराचे किती अरगॉन वायूत रूपांतर झाले ते मोजून काढतात. तो शंकूसारख्या डोंगरातून नव्हे तर जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून वाहिला, म्हणून आपल्याला ज्वालामुखीचा डोंगर दिसत नाही. आज उरलेला बेसाल्ट सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर पसरलेला आहे. त्या वेळी भारत दक्षिण गोलार्धात होता. खालून येणाऱ्या ज्या उष्णतेने हा लाव्हा पुरवला ती, बहुसंख्य भूवैज्ञानिकांच्या मते, जागच्या जागी राहिली आणि भारत तिच्यावरून उत्तरेकडे सरकत निघून आला. हिंदी महासागरात रियुनियन बेटावर आजही एक ज्वालामुखी वारंवार जागा होतो. आपला दगड ओतणारी चूल ती. ती विझलेली नाही, पण आपण तिच्यावरून हजारो किलोमीटर दूर आलो आहोत.

"मग जमीन हालती कशानं?" दुसरा मुलगा.

तीच सरकणारी जमीन उत्तरेला आशियाला रेटते आहे. त्या रेट्याचा ताण खाली खोल जुन्या खडकांत साठतो आणि जिथे पूर्वीच्या भेगा आहेत तिथे कधीतरी खडक सरकतो. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीला तेच झाले. भूकंपाला ज्वालामुखी लागत नाही. तेव्हा घराच्या भिंती मातीत रचलेल्या जड दगडांच्या नसाव्यात, छतावर मातीचा भार नसावा, ही काळजी मात्र खरी आहे. गुरुजींनी ही गोष्ट फळ्यावर लिहून ठेवली.

किल्लारीच्या भूकंपानंतर तिथे शास्त्रज्ञांनी खोल भोक पाडले होते. ३३८ मीटरपर्यंत बेसाल्टचे थर लागले, मग आठेक मीटर जुना गाळ, आणि त्याखाली अडीचशे कोटी वर्षांहून जुना कठीण खडक, ग्रॅनाइटच्या जातीचा. ओव्हेर्न्यसारखाच क्रम. हट्टा तिथून सुमारे दीडशे किलोमीटर. इथला आकडा वेगळा असेल, पण पूर्वेला देगलूरकडे गेले की तोच जुना खडक उघड्यावर दिसतो, म्हणजे तो आपल्याही खालून गेला आहे.

मुलांनी लगेच हिशोब मांडला. विहीर चाळीस फूट, म्हणजे बारा मीटर. तीनशे अडतीस भागिले बारा.

"अठ्ठावीस विहिरी, काका! एकाखाली एक अठ्ठावीस खोदल्या की लाव्हा संपतो."

काका जायला उठले होते. "अठ्ठावीस खोदून पाणी नाही लागलं," ते म्हणाले, "तर त्या ग्रॅनाइटचं मी काय करू, तेवढं साहेबांना विचारा."